कन्नूर : एका सहीची किंमत

पोस्टिंगचा कागद हातात पडला की फौजी आधी नकाशा बघतो आणि मग रेल्वेचं वेळापत्रक. कन्नूरचं नाव वाचून घरी पहिला प्रश्न आला, "हे कुठं आलं?" आजवर राजस्थान, ईशान्य भारत, जम्मू अशी नावं ऐकायची सवय झालेली. मी सांगितलं, कोकण रेल्वेत बसायचं, गोवा सोडायचं, कारवार सोडायचं, मंगळूरही मागं टाकायचं आणि केरळात शिरल्यावर तीनेक तासांत उतरायचं. बायको म्हणाली, "म्हणजे समुद्र आहे तर! बरं झालं, या वेळेस काळजी नाही."

खरंच काळजी करावी असं तिथं काही नव्हतं. बर्फ नाही, वाळूची वादळं नाहीत, रात्री दोन वाजता उठवणारा गोळीबार नाही. कन्नूर हे केरळातलं एकमेव कॅन्टोनमेंट. डिफेन्स सिक्युरिटी कोअरचं, म्हणजे आमच्या डीएससीचं सेंटर इथंच आहे. एकदा निवृत्त होऊन पुन्हा वर्दी चढवलेले जवान इथं दिसतात. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, पण सलामी अजून कडक. शहरही त्यांच्यासारखंच वाटतं. वय झालेलं, घाई नसलेलं. सकाळी मोप्पिला बेवर मासेमारीच्या होड्या लागतात, दुपारी रस्ते सुस्तावतात, संध्याकाळी सगळं गाव पय्यांबलमच्या वाळूत येऊन बसतं.

पहिल्या महिन्यात मी ठरवून टाकलं की हे आळशी बंदर आहे. चहाच्या टपरीवर सुलैमानी पिताना तसं बोलूनही गेलो. काळा चहा, त्यात लिंबू, तो इथं सुलैमानी. आमच्यातला एक मल्याळी हवालदार माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "आळशी नाही, दमलेलं बंदर आहे. पाचशे वर्षं जागं होतं, आता जरा पडलंय." मग म्हणाला, "रविवारी किल्ल्यावर चला, दाखवतो."

तीन कोनांचा किल्ला

सेंट अँजेलो किल्ला कॅन्टोनमेंटला लागूनच आहे. जांभ्या दगडाचा, तीन कोनांचा, समुद्रात घुसलेल्या एका टोकावर. कोकणातल्या माणसाला जांभा बघून लगेच घरच्यासारखं वाटतं. तटावर उभं राहिलं की एका बाजूला उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मोप्पिला बे. तिथं आजही मच्छीमारांच्या रंगीत होड्या दाटीनं उभ्या असतात. तोफा अजून खाडीकडे तोंड करून पडल्यात. मुलं त्यांच्यावर बसून फोटो काढतात.

हा किल्ला बांधायला घेतला १५०५ साली, पोर्तुगालचा भारतातला पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा यानं. तो इथं उतरला तेव्हा कन्नूर काही ओसाड किनारा नव्हता. कोलत्तिरी राजाचं हे बंदर होतं. मागच्या डोंगरातून मिरी, आलं आणि वेलदोडे उतरत. समुद्रावरून अरबी घोडे येत आणि ते विजयनगरला रवाना होत. अल्मेदा इथं असतानाच विजयनगरचे वकील त्याला भेटायला आले होते, यावरून या बंदराचं वजन कळतं. व्यापार मुख्यतः मोप्पिला मुसलमानांच्या हातात होता. कालिकतच्या सामुद्रीशी पोर्तुगीजांचं हाडवैर जडलेलं होतं, म्हणून सामुद्रीच्या शेजाऱ्याशी, म्हणजे कोलत्तिरीशी, त्यांनी दोस्ती केली. राजानं आधी व्यापारी कोठीला जागा दिली. कोठीची पुढं तटबंदी झाली. कोठीचा किल्ला होणं हे आपल्या किनाऱ्यावर पुढं तीनशे वर्षं पुन्हा पुन्हा घडत राहिलं.

पुढच्याच वर्षी, मार्च १५०६ मध्ये, याच किल्ल्यासमोरच्या पाण्यात सामुद्रीच्या मोठ्या आरमाराला अल्मेदाच्या मुलानं, लोरेन्सोनं, हरवलं. सामुद्रीकडे जहाजं कितीतरी जास्त होती. पोर्तुगीजांकडे तोफा चांगल्या होत्या आणि त्या लांबून चालवायची शिस्त होती. शत्रूचं जहाज धरून त्यावर चढायचं, हातघाईची लढाई करायची, ही जुनी रीत त्यांनी टाळली. तोफखान्यातल्या कुणालाही हे लगेच पटेल.

पास, सही आणि शिड

पण मला त्या रविवारी तटावर धरून ठेवलं ते त्यानंतरच्या गोष्टीनं. ती सांगायच्या आधी एक शब्द समजून घ्यावा लागेल. कार्ताझ.

कार्ताझ म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना. पोर्तुगीजांनी जाहीर केलं की या समुद्रात ज्याला जहाज चालवायचं असेल त्यानं आमच्याकडून कागद घ्यावा. कागदावर जहाज कुणाचं, कुठून कुठं चाललंय, काय माल आहे हे लिहिलेलं. कागद असेल तर सोडू. नसेल तर जहाज आमचं, माल आमचा, माणसांचं काय करायचं तेही आम्ही ठरवू. आपल्या बापजाद्यांच्या समुद्रात फिरायला परक्याची परवानगी! पण किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी तोही कडू घोट गिळला, कारण निदान कागद घेतला की जहाज सुखरूप जाईल अशी खात्री होती. आपल्याकडं दोनशे वर्षांनी कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक चालू केले आणि 'तुमचा कागद चालतो तर आमचाही चालेल' असं युरोपियनांना ऐकवलं, ते याच धंद्याला उत्तर होतं.

१५०७ च्या सुरुवातीची गोष्ट. कन्नूरचं एक जहाज समुद्रात पोर्तुगीज कप्तान गोन्सालो वाझ यानं अडवलं. जहाजावर कार्ताझ होता. त्यावर सही होती कन्नूरच्याच किल्लेदाराची, लोरेन्सो द ब्रितो याची. वाझ म्हणाला, ही सही खोटी आहे. जहाज लुटलं, बुडवलं. माणसांना जहाजाच्याच शिडात गुंडाळून, शिवून समुद्रात टाकलं, म्हणजे कुणी वर येणार नाही आणि कुणाला कळणार नाही.

पण शिवण कुठंतरी सुटली. काही दिवसांनी प्रेतं कन्नूरच्या किनाऱ्याला लागली. त्यात इथल्या एका बड्या मोप्पिला व्यापाऱ्याच्या घरचा तरुण होता.

तटावरून खालची वाळू दिसते. माझा मल्याळी मित्र बोटानं दाखवत होता, ही पय्यांबलमची दिशा, ती खाडीची. नेमकी कुठल्या वाळूत ती प्रेतं लागली हे आज कोण सांगणार? पण लागली ती याच किनाऱ्याला.

पोर्तुगीजांशी दोस्ती करणारा जुना राजा तोवर वारला होता. नव्या राजाकडे व्यापारी गेले. त्याला आता दोस्ती टिकवायचं कारण उरलं नव्हतं. सामुद्रीनंही तोफा आणि माणसं पाठवली. २७ एप्रिल १५०७ ला किल्ल्याला वेढा पडला.

चार महिने

वेढ्याची वेळ बघा. एप्रिलचा शेवट. महिन्याभरात पाऊस लागणार, समुद्र खवळणार. आपल्याकडं नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात, तशी इथंही जहाजं बंद. म्हणजे कोचीहून किंवा पोर्तुगालहून कुमक यायची तर ऑगस्ट उजाडणार. वेढा घालणाऱ्यांनी डोकं लावून दिवस निवडला होता. आम्हाला शिकवतात की जमीन आणि हवामान यांना आपल्या बाजूनं लढायला लावा. त्यांनी मान्सूनला आपल्या बाजूनं लढायला लावलं.

किल्ल्यात पाण्याचीही पंचाईत होती. विहीर तटाच्या बाहेर पडत होती. पाण्याच्या प्रत्येक घागरीसाठी चकमक व्हायला लागली तेव्हा त्यांनी जमिनीखालून विहिरीपर्यंत भुयार खणलं. धान्य संपत आलं. ज्या माणसाच्या सहीवरून हे सगळं झालं तो ब्रितो आतच होता. त्यानं काही जहाज बुडवलं नव्हतं. त्याच्या शिपायांनी तर ते पाहिलंही नव्हतं. दूर समुद्रात एका कप्तानानं आपल्याच माणसाची सही नाकारली आणि त्याचं बिल किल्ल्यातल्या पहारेकऱ्यांनी भरलं.

मी ज्या बाजूचा आहे ती बाजू उघड आहे. वेढा घालणारे आपले. प्रेतं आपल्या पोरांची. तरीही तटाच्या आतल्या बाजूला उभं राहिल्यावर, रात्रपाळीचा पहारा केलेल्या माणसाला आतल्या शिपायाचा विचार येतोच. भूक सगळ्यांना सारखीच लागते.

पोर्तुगीज बखरकार सांगतात की १५ ऑगस्टला, त्यांच्या मेरीमातेच्या सणाच्या दिवशी, लाटांनी शेवंडांचे ढीगच्या ढीग किल्ल्याच्या टोकावर आणून टाकले आणि उपाशी शिबंदी त्यावर जगली. त्यांनी तो चमत्कार मानला. कोकणातला माणूस म्हणेल, खवळलेला समुद्र असं काहीबाही फेकतोच. २७ ऑगस्टला त्रिस्तांव द कुन्याचं आरमार पोर्तुगालहून येऊन पोचलं. बरोबर चार महिन्यांनी वेढा उठला. राजानं तह केला आणि मिरीचा व्यापार पुन्हा सुरू झाला. ज्यांची पोरं शिडात शिवून बुडवली त्यांचा हिशेब तहात कुठं बसला, ते इतिहासाच्या कागदात सापडत नाही.

चौल आणि दाभोळ

आपल्या वाचकांनी इथं थांबावं. ही गोष्ट कन्नूरपुरती राहिली नाही, ती आपल्या दारात आली.

कन्नूरच्या समुद्रात जिंकलेला लोरेन्सो द अल्मेदा १५०८ च्या मार्चमध्ये आपल्या चौलच्या खाडीत मारला गेला. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी त्याला तिथं गाठलं. मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायला म्हातारा व्हाइसरॉय डिसेंबर १५०८ मध्ये निघाला, तो याच कन्नूरच्या धक्क्यावरून. वाटेत त्यानं दाभोळ गाठलं. तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीचं ते भरभराटीचं बंदर. वर्षाच्या अखेरच्या दिवसांत त्यानं दाभोळ जाळलं आणि तिथल्या माणसांची कत्तल केली. चौलच्या लढाईशी दाभोळच्या लोकांचा काय संबंध होता, हे त्यानं विचारलं नाही. मग ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवची लढाई त्यानं जिंकली. परत येताना कैदी बरोबर होते. कन्नूरसमोर त्यांतल्या काहींना तोफेच्या तोंडी बांधून उडवलं.

मी दाभोळला अनेकदा गेलोय. अंडा मशीद बघितलीय, फेरीबोटीनं खाडी ओलांडून वेलदूरला गेलोय. दाभोळसुद्धा आज निवांत आहे. पण तिथला तो निवांतपणा कन्नूरच्या निवांतपणाचा चुलतभाऊ आहे, हे मला कन्नूरच्या तटावर कळलं.

बीबींचं राज्य

किल्ल्यातून खाली उतरलं की थोड्याच अंतरावर अरक्कल आहे. केरळातलं एकमेव मुस्लिम राजघराणं. जुन्या वाड्याच्या दरबार हॉलमध्ये आता संग्रहालय आहे. लाकडी छत, खाली थंड फरशी, जुन्या पेट्या, शस्त्रं आणि कागदपत्रं.

या घराण्याची एक रीत मला फार आवडली. गादीवर बसतो तो घरातला वयानं सर्वांत मोठा माणूस. तो पुरुष असेल तर अली राजा. स्त्री असेल तर अरक्कल बीबी. वंश आईकडून मोजायचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बराच काळ इथं बीबींनी राज्य केलं आणि इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांच्याशीच तह करावे लागले. लक्षद्वीपची बेटं या घराण्याच्या ताब्यात होती. तिथला काथ्या आणि नारळ कन्नूरच्या बंदरात उतरे.

किल्ला पोर्तुगीजांकडून १६६३ मध्ये डचांनी घेतला. आत आजही एक डच शिलालेख आहे. किल्ल्यावरच्या डच अधिकाऱ्याची बायको सुझाना, १७४५ साली वयाच्या अवघ्या १७ व्या वर्षी वारली, तिची आणि मुलांची ती स्मृती. लढायांच्या तारखा वाचून डोकं बधिर झालेलं असतं, तेव्हा ही १७ वर्षांची पोर एकदम समोर येऊन उभी राहते. पोस्टिंगवर नवऱ्याबरोबर आलेली. आमच्या क्वार्टर्समधल्या नव्या नवऱ्या आठवतात.

डचांना पुढं हा किल्ला जड झाला. १७७२ च्या सुमारास त्यांनी तो चक्क अरक्कलच्या अली राजाला विकला. ज्यांना समुद्रात फिरायला त्या किल्ल्याचा कागद लागत होता, त्यांच्याच वारसांनी पैसे मोजून तो किल्ला घेतला. पण मालकी फार टिकली नाही. १७९० मध्ये, टिपूशी लढाई चालू असताना, इंग्रजांनी कन्नूर जिंकलं. किल्ला इंग्रजांचा लष्करी तळ झाला आणि आजच्या कॅन्टोनमेंटची पाळंमुळं तिथं रुजली.

मग बंदर का झोपलं? त्याला एक कारण नाही. पोर्तुगीजांचं लक्ष कोची आणि गोव्याकडे वळलं. डचांचंही कोचीकडेच. इंग्रजांनी मिरीचा व्यापार २० किलोमीटरवरच्या तलश्शेरीला ओढला. तिथला त्यांचा किल्ला १७०८ चा. नंतर रेल्वे आली, माल रुळांवरून जायला लागला. विसाव्या शतकात मोठ्या आगबोटींना खोल पाणी लागू लागलं. ते कोचीत गाळ उपसून तयार केलं गेलं. कन्नूरच्या उथळ खाडीत मासेमारीच्या होड्या तेवढ्या उरल्या. गावानं मग हातमाग धरला. बासेल मिशननं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथं विणकामाचा कारखाना काढला, आणि कन्नूरचं हातमागाचं कापड आजही बाहेर जातं. बंदर दमलं, पण गाव आळशी नव्हतं. माझ्या मित्राचं म्हणणं बरोबर होतं.

तलश्शेरीत भेटलेला सांगलीकर

पुढच्या सुट्टीला तलश्शेरी. इथली बिर्याणी बारीक, सुवासिक खैमा तांदळाची असते. ती खाल्ल्याशिवाय इतिहास डोक्यात शिरत नाही. तलश्शेरीचे लोक तीन गोष्टींचा अभिमान सांगतात. केक, क्रिकेट आणि सर्कस. मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्यानं १८८३ मध्ये इथं ख्रिसमसचा केक भाजला, तो भारतातला पहिला, असं सांगतात. इल्लिक्कुन्नू टेकडीवरच्या बंगल्यात राहून हेर्मान गुंडर्ट या जर्मन मिशनऱ्यानं मल्याळम भाषेवर काम केलं. त्याचा मल्याळम-इंग्रजी कोश १८७२ मध्ये निघाला.

सर्कशीपाशी मात्र मी चमकलो, कारण तिथं आपला माणूस निघाला. विष्णुपंत छत्रे. सांगलीजवळच्या अंकलखोपचे, संस्थानिकांच्या पदरी घोडे शिकवणारे. मुंबईत आलेली इटालियन सर्कस बघून त्यांनी ईर्षेनं स्वतःची सर्कस उभी केली, १८८० च्या सुरुवातीला. भारतीय माणसानं काढलेली ती पहिली सर्कस. ती फिरत फिरत १८८० च्या दशकात तलश्शेरीला आली. तिथं कीलेरी कुञ्ञिकण्णन हे कळरीचे, म्हणजे मलबारच्या जुन्या युद्धकलेचे, जाणकार आणि शाळेत व्यायाम शिकवणारे मास्तर त्यांना भेटले. छत्र्यांकडे घोडे होते आणि तंबू होता. कुञ्ञिकण्णन मास्तरांकडे कसलेल्या शरीरांची पोरं होती. मास्तरांनी पोरं तयार करायची आणि सर्कशीनं त्यांना काम द्यायचं, असं ठरलं. १९०१ मध्ये मास्तरांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा इथं सर्कशीची शाळाच काढली. पुढं भारतातल्या कितीतरी सर्कशींचे मालक आणि झुल्यावरचे कलाकार याच भागातून आले.

या किनाऱ्यावर बाहेरून आलेल्यांच्या एवढ्या गोष्टी ऐकल्या, त्यात ही एकच अशी निघाली की दोन्ही बाजूंनी शब्द दिला आणि दोन्ही बाजूंनी पाळला.

वाळूत रुतलेली गाडी

येताना मुळप्पिलंगाड. हा सुमारे चार किलोमीटर लांबीचा किनारा, आणि वाळू इतकी घट्ट की ओहोटीला लोक गाड्या थेट समुद्राच्या कडेनं चालवतात. समोर धर्मडम बेट. ओहोटीला तिथं चालत जाता येतं.

आम्हीही गाडी घातली. मी चालवत होतो. जोश आला आणि ओल्या वाळूच्या पट्ट्यावरून सुटून मऊ वाळूत शिरलो. चाक रुतलं. रेस दिली तसं आणखी रुतलं. भरती सुरू झालेली. २० वर्षांची नोकरी, वाळवंटात गाड्या काढलेला माणूस मी, आणि एका समुद्रकिनाऱ्यावर हात कमरेवर ठेवून उभा. तेवढ्यात मुंडू दुमडलेली चार पोरं आली. काही न विचारता चाकांच्या हवा थोड्या सोडल्या, फळी घातली, ढकललं. गाडी निघाली. पैसे देऊ केले तर हसून निघून गेली.

पय्यांबलमची संध्याकाळ वेगळी असते. तिथं वाळूच्या मागं ए. के. गोपालन, ई. के. नायनार यांच्यासारख्या नेत्यांची स्मारकं आहेत. स्वदेशाभिमानी रामकृष्ण पिळ्ळै या निर्भीड संपादकाची समाधीही. त्रावणकोरच्या दिवाणावर टीका केली म्हणून १९१० मध्ये त्यांना हद्दपार केलं होतं, शेवट इथं कन्नूरला झाला. बाजूला मुलं पतंग उडवतात.

उत्तरेला, स्वच्छ दिवस असेल तर, एळिमलाचा डोंगर दिसतो. तिथं २००९ पासून इंडियन नेव्हल अकॅडमी आहे. नौदलाचे भावी अधिकारी तिथं घडतात. त्याच डोंगरासमोरच्या पाण्यात १५०२ मध्ये वास्को द गामानं मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज अडवलं आणि माणसांसकट जाळलं. बायका तान्ही मुलं उंच धरून दया मागत होत्या, असं त्याच्या ताफ्यातल्याच माणसानं लिहून ठेवलंय. त्या पाण्याकडे बघत आज आपली पोरं आरमार शिकतात. यापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही.

गेटवरचा पास

आता शेवटची गोष्ट. ती माझीच आहे, आणि ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

पहिल्याच महिन्यात, किल्ला बघायच्या आधी, मी एका गेटवर गार्ड कमांडर होतो. पावसाळी सकाळ. कामावर येणारे मजूर रांगेत. साठीचा एक माणूस आला. त्याचा पास भिजलेला, सही पुसट. मी म्हटलं, "ही सही चालणार नाही." तो मल्याळमध्ये काही सांगत राहिला. मला भाषा येत नव्हती. रांग लांब होती. मी त्याला परत पाठवलं. दुपारी कळलं, सही खरीच होती, आमच्याच साहेबांची. पावसानं पुसली होती, एवढंच. त्याची एक दिवसाची मजुरी गेली.

त्यावेळी मी म्हणालो होतो, नियम म्हणजे नियम. नियम बरोबरच आहे, खात्री पटली नाही तर आत सोडायचं नाही. पण रजिस्टरमध्ये नाव बघायला मला दोन मिनिटं लागली असती, किंवा मल्याळी जवानाला हाक मारायला एक. ती मी दिली नाहीत. मला वाटलं, सही तपासणं म्हणजे माणसाला अडवणं. खरं तर सही तपासणं म्हणजे आपल्या बाजूनं दिलेला शब्द खरा आहे की नाही ते शोधणं, आणि खरा असेल तर तो पाळणं.

ब्रितो आणि वाझ यांची गोष्ट ऐकून मी तटावरून उतरलो, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो म्हातारा होता. कुठं शिडात शिवलेली माणसं आणि कुठं एका दिवसाची मजुरी. तुलना नाहीच. पण सुरुवात एकाच वाक्यानं झाली होती. ही सही चालणार नाही.

सोमवारी तो गेटवर आला. नवा पास प्लास्टिकमध्ये घालून आणलेला. मी पास बघितला, परत दिला आणि येतं तेवढं मल्याळम जुळवून म्हणालो, "चेट्टा, त्या दिवशी माझं चुकलं." त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सारमिल्ल." म्हणजे, असू दे.

कन्नूरला येणाऱ्या फौजी भावांसाठी एवढंच. सेंट अँजेलोला संध्याकाळी जा, ऊन उतरल्यावर. मुळप्पिलंगाडला गाडी घालायची तर ओहोटीची वेळ आधी विचारा आणि ओली वाळू सोडू नका. तलश्शेरीची बिर्याणी दुपारी खा. आणि गेटवर ड्युटी असेल तर पावसाळ्यात मजुरांना पास प्लास्टिकमध्ये ठेवायला सांगा. आमच्या गेटवर आता पिशव्यांचा गठ्ठा ठेवलेला असतो.